क्लाउडवरचं पहिलं मशीन: चालू करण्याआधी बंद करायला शिका

क्लाउड शिकायला आलेल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "सर्व्हर चालू कसा करायचा?" ते काम पाच-दहा मिनिटांचं आहे आणि कुणालाही जमतं. पुढचे प्रश्न मात्र फारसं कुणी विचारत नाही. माझ्या नावावर आत्ता काय काय चालू आहे? त्याचे पैसे कुठल्या हिशेबाने लागतात? ते पुरतं बंद झालं हे कसं ओळखायचं? माझ्या मते क्लाउडचं शिक्षण या प्रश्नांपासून सुरू व्हायला हवं, आणि हा लेख मी त्याच बेताने लिहिला आहे.

डोळ्यांसमोर आहेत ते मुंबईतले नवशिके. बी.एस्सी. आयटीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली मुलं-मुली, मशीद बंदरच्या एखाद्या पेढीत अकाउंट्ससोबत कॉम्प्युटरही सांभाळणारी माणसं, मंडळाची वेबसाइट अंगावर आलेले कार्यकर्ते. लॅपटॉप, बऱ्यापैकी इंटरनेट, ऑनलाइन व्यवहार चालू असलेलं कार्ड आणि एक मोकळी दुपार एवढं असलं की पुरे.

मशीन असतं कुठे

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतले सर्व्हर, जे आपण इंटरनेटवरून लागेल तेवढा वेळ भाड्याने घेतो. ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोली, रबाळे, महापे करत गेलात तर एमआयडीसीच्या पट्ट्यात अशा इमारती दिसतात. खिडक्या जवळजवळ नाहीत, छतावर कूलिंगची मोठी यंत्रं, मागे डिझेल जनरेटरची रांग. ही डेटा सेंटर. चांदिवली-पवईकडेही आहेत. कुठल्या इमारतीत कुणाचा क्लाउड चालतो हे कंपन्या सहसा सांगत नाहीत, ते सुरक्षेसाठी. हा धंदा मुंबईच्या आसपास वाढला त्याची कारणं सरळ आहेत. समुद्राखालून येणाऱ्या अनेक केबल वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात, आणि बँका, विमा कंपन्या, शेअर बाजार ही मोठी गिऱ्हाइकं इथेच आहेत.

आज ज्याला आपण क्लाउड म्हणतो त्याची विक्री ॲमेझॉनने २००६ मध्ये सुरू केली. मार्चमध्ये फाइली साठवायची एस थ्री ही सेवा आली आणि ऑगस्टमध्ये भाड्याच्या मशीनची ईसी टू. भारतात मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, चेन्नई आणि मुंबई इथे आपले विभाग उघडले, ॲमेझॉनचा मुंबई विभाग जून २०१६ मध्ये सुरू झाला, गूगलचा २०१७ मध्ये.

विभाग म्हणजे रीजन. एका रीजनमध्ये सहसा तीन किंवा जास्त झोन असतात, आणि झोन म्हणजे स्वतःची वीज, स्वतःचं नेटवर्क असलेली वेगळी डेटा सेंटर. एका झोनमध्ये आग लागली किंवा पाणी शिरलं तरी दुसरा चालू राहावा हा उद्देश. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. टेबलाखालचे सीपीयू त्या दिवशी किती ऑफिसांत पाण्यात गेले ते जुन्या माणसांना विचारा. सगळा डेटा एकाच जागी ठेवू नये हे मुंबईकराला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

रीजन जवळचा निवडावा, कारण अंतराला वेळ लागतो. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. अमेरिकेतलं व्हर्जिनिया मुंबईहून सरळ रेषेत सुमारे १३,००० किलोमीटर आहे. म्हणजे नुसतं जाऊन यायला १३० मिलिसेकंद, आणि केबल सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात २००च्या आसपास. एखादं पान उघडताना ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात अशा दहा फेऱ्या झाल्या की दोन सेकंद प्रवासातच गेले. सर्व्हर मुंबईत असेल तर मुंबईतल्या माणसाला हीच फेरी काही मिलिसेकंदांत पडते.

एका सर्व्हरचे अनेक तुकडे

तुम्ही भाड्याने घेता ते अख्खं मशीन नसतं. रॅकमधल्या मोठ्या सर्व्हरवर हायपरव्हायझर नावाचा प्रोग्रॅम बसवलेला असतो. तो प्रोसेसर आणि मेमरी वाटून अनेक व्हर्च्युअल मशीन तयार करतो, आणि प्रत्येकीला वाटतं की आपण एकट्याच आहोत. एका मशीनला शेजारणीची मेमरी वाचता येत नाही. तंत्र नवं नाही. आयबीएमने १९७२ मध्ये आपल्या मेनफ्रेमसाठी अशी व्यवस्था विकायला काढली होती, आणि लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात २००७ मध्ये केव्हीएम नावाचा हायपरव्हायझर आला तेव्हा साध्या सर्व्हरवरही ती सहज उपलब्ध झाली.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढे बिल वाचताना ती लागणार आहे. तुमच्या व्हर्च्युअल मशीनची डिस्क बहुतेक वेळा त्या सर्व्हरच्या पेटीत नसतेच. ती शेजारच्या वेगळ्या स्टोरेज यंत्रणेत असते आणि नेटवर्कवरून जोडलेली असते. आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा मशीनचा पत्ता, तोही वेगळ्या साठ्यातून दिला जातो. तुम्ही "लाँच" बटण दाबता तेव्हा एक नियंत्रण यंत्रणा आधी मोकळी जागा असलेला सर्व्हर शोधते, त्यावर मशीन उभं करते, स्टोरेजमधून डिस्क काढून जोडते, साठ्यातला आयपी देते, आणि या प्रत्येकाचं मोजमाप स्वतंत्रपणे सुरू करते. म्हणूनच मशीन थांबवलं तरी डिस्कचं भाडं थांबत नाही. नवशिक्याची अर्धी फसगत इथेच होते.

अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २०११ मध्ये क्लाउडची व्याख्या केली. तिच्यात पाच गुण सांगितले आहेत: हवं तेव्हा स्वतःच घेता येणं, नेटवर्कवरून कुठूनही वापरता येणं, सामायिक साठा, झटपट वाढवता-घटवता येणं आणि वापर मोजला जाणं. शेवटचा गुण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आधी ठरवा: घ्यायचं काय

तीन थर आहेत. सगळ्यात खाली नुसतं मशीन, म्हणजे आयएएएस: ऑपरेटिंग सिस्टीमपासून पुढचं सगळं तुमच्याकडे. मधे पीएएएस: तुम्ही फक्त तुमचा प्रोग्रॅम द्यायचा, तो चालवण्याची सोय ते पाहतात. वर एसएएएस: तयार सॉफ्टवेअर, लॉगिन करा आणि वापरा. जीमेल हे त्याचं रोजचं उदाहरण.

माझं मत स्पष्ट आहे. दुकान, क्लास, सोसायटी किंवा छोटी पेढी चालवत असाल तर मशीन भाड्याने घेऊ नका. तयार सॉफ्टवेअर घ्या, महिन्याचं ठरलेलं भाडं द्या आणि आपल्या धंद्याकडे बघा. मशीन घेतलं की त्याचे सुरक्षा अपडेट, बॅकअप, पासवर्ड या सगळ्याची जबाबदारी येते, आणि ती पेलणारं माणूस लहान ऑफिसात नसतं. शिकायचं असेल तर मात्र सुरुवात मशीनपासूनच करा. खालचा थर कळला की वरचे दोन थर काय लपवतात ते आपोआप दिसतं.

पुढच्या पायऱ्या ॲमेझॉनच्या मुंबई रीजनवर दाखवल्या आहेत, कारण त्यावरचं शिकण्याचं साहित्य भरपूर आहे. गूगल किंवा मायक्रोसॉफ्टवर बटणांची नावं बदलतात, विचार तोच.

पायरी १: खातं उघडा आणि लगेच कुलूप लावा

ईमेल, मोबाइल, पत्ता, कार्ड. कार्ड खरं आहे का हे तपासायला अगदी किरकोळ रक्कम लागते. बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो हे हिशेबात धरा.

मोफत वापराबद्दल सावध राहा. जुन्या व्हिडिओंमध्ये "१२ महिने, दर महिन्याला ७५० तास फुकट" असं ऐकाल. तो नियम जुन्या खात्यांचा. जुलै २०२५ पासून ॲमेझॉनने नव्या खात्यांसाठी पद्धत बदलली: सुरुवातीला १०० डॉलरचं क्रेडिट, सांगितलेली काही कामं केली की आणखी १०० डॉलरपर्यंत, आणि फ्री प्लॅन ६ महिन्यांचा. गूगल ९० दिवसांसाठी ३०० डॉलर देतं, मायक्रोसॉफ्ट ३० दिवसांसाठी २०० डॉलर. नोंदणी करताना त्या पानावरच्या अटी स्वतः वाचा. व्हिडिओतल्या माणसाचं खातं आणि तुमचं खातं वेगळं आहे.

खातं उघडल्यावर तुम्ही "रूट" असता, म्हणजे सर्वाधिकारी. त्याला ताबडतोब मोबाइलवरच्या ऑथेंटिकेटर ॲपचं दुसरं कुलूप लावा. मग रोजच्या कामासाठी वेगळा युजर तयार करा आणि रूटने पुन्हा लॉगिन करूच नका. रूटची ॲक्सेस की, म्हणजे प्रोग्रॅमने खात्यात शिरण्यासाठीची किल्ली, तर कधीच बनवू नका.

पायरी २: बजेटचा इशारा

मशीन घेण्याआधी बिलिंगच्या पानावर जाऊन बजेट तयार करा. सुरुवातीला महिन्याला ५ डॉलर पुरेत. खर्च ५० टक्क्यांवर, ८० टक्क्यांवर आणि १०० टक्क्यांवर गेला की ईमेल यावं असं लावा, आणि ईमेल तोच द्या जो तुम्ही रोज उघडता.

असं लावलेलं बजेट फक्त इशारा देतं, मशीन आपोआप बंद करत नाही. शिवाय खर्चाचे आकडे काही तास, कधी दिवसभरही उशिरा येतात. तेव्हा इशारा आला नाही म्हणजे खर्च झाला नाही, असं समजू नका.

पायरी ३: मशीन उभं करा

आधी वर उजव्या कोपऱ्यात रीजन बघा. नव्या खात्यात तिथे अनेकदा अमेरिकेतला रीजन असतो. तो बदलून "एशिया पॅसिफिक (मुंबई)" करा. हे विसरून एका रीजनमध्ये मशीन बनवलं आणि दुसऱ्या रीजनमध्ये शोधत बसलं की यादी रिकामी दिसते. मशीन मात्र तिकडे चालूच असतं.

ईसी टूमध्ये जाऊन लाँच निवडा. नाव द्या. ऑपरेटिंग सिस्टीम उबुंटू घ्या, तो लिनक्सचाच एक प्रकार. आकार "टी थ्री मायक्रो" घ्या: २ व्हर्च्युअल सीपीयू, १ जीबी मेमरी. व्हर्च्युअल सीपीयू म्हणजे सहसा खऱ्या प्रोसेसर कोअरचा एक धागा, अख्खा कोअर नव्हे. आणि या टी जातीच्या मशीनला सतत पूर्ण ताकद वापरायची मुभा नसते. टी थ्री मायक्रोला प्रत्येक सीपीयूचा १० टक्के वापर धरलेला आहे. कमी वापरलंत तर सीपीयूचं क्रेडिट (वरचं डॉलरचं नव्हे) साठतं, जास्त वापरलंत तर ते खर्च होतं. "अनलिमिटेड" हा पर्याय चालू असेल तर क्रेडिट संपल्यावर जादा वापराचे पैसे लागू शकतात. शिकताना तो बंद करून "स्टँडर्ड" ठेवा.

की पेअर तयार करा. एक फाइल डाउनलोड होईल, तीच तुमची किल्ली. ती दुसऱ्यांदा डाउनलोड करता येत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवू नका, गिटहबवर, म्हणजे प्रोग्रॅमचा कोड ठेवायच्या वेबसाइटवर, तर चुकूनही टाकू नका. उघड्या गिटहबवर पडलेल्या किल्ल्या शोधणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस फिरत असतात.

आता सिक्युरिटी ग्रुप, म्हणजे मशीनपर्यंत कुठल्या पोर्टवरून कुणी यायचं त्याची यादी. पोर्ट म्हणजे मशीनचं क्रमांक दिलेलं दार. वेबसाइटसाठी पोर्ट ८० सगळ्यांना उघडा. आत शिरून काम करण्यासाठीचा पोर्ट २२ मात्र सगळ्या जगाला उघडू नका, "माझा आयपी" निवडा. इथे दोन अडचणी हमखास येतात. पहिली: कॉलेजच्या वायफायवर केलेली सेटिंग घरी आल्यावर चालत नाही, कारण तुमचा बाहेरचा आयपी बदललेला असतो. मोबाइल हॉटस्पॉटवर तर तो कधीही बदलतो. मशीन बिघडलेलं नसतं, यादीत नवा आयपी टाकायचा एवढंच. दुसरी: कन्सोलमधलं, म्हणजे ॲमेझॉनच्या नियंत्रणाच्या पानावरचं, "कनेक्ट" बटण दाबून ब्राउझरमधूनच आत जायला गेलात तर "माझा आयपी" असूनही जोडणी होत नाही. कारण ती जोडणी तुमच्या घरून न जाता ॲमेझॉनच्या स्वतःच्या पत्त्यांवरून जाते. त्या सेवेच्या पत्त्यांची तयार यादी सिक्युरिटी ग्रुपमध्ये निवडता येते, ती निवडा. या एका गोष्टीवर लोक तासन् तास घालवतात.

आत गेलात की काळा पडदा दिसेल. "सुडो ॲप्ट अपडेट" आणि मग "सुडो ॲप्ट इन्स्टॉल एन्जिनएक्स" या दोन आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत द्या (sudo apt update आणि sudo apt install nginx). पहिलीने सॉफ्टवेअरची यादी ताजी होते, दुसरीने वेब सर्व्हर बसतो. मग मशीनचा पब्लिक आयपी ब्राउझरमध्ये टाका. एन्जिनएक्सचं स्वागताचं पान दिसायला हवं.

दिसलं नाही तर पत्त्याची सुरुवात बघा. कन्सोलमधली तयार लिंक दाबली की ब्राउझर एचटीटीपीएसने, म्हणजे पोर्ट ४४३ वर जातो, आणि आपण उघडला आहे ८०. पत्त्यातला एस काढा, पान उघडेल. मग तोच पत्ता फोनवर, वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर उघडा. तुम्ही लिहिलेलं काहीतरी कुठूनही उघडतंय हे पहिल्यांदा पाहण्याचा आनंद खरा आहे, तो घ्या. मित्रालाही लिंक पाठवा.

पायरी ४: आता बंद करा

मशीनच्या मेनूत "स्टॉप" आणि "टर्मिनेट" अशी दोन बटणं आहेत. स्टॉप म्हणजे झोपवणं. सीपीयू आणि मेमरीचं भाडं थांबतं, डिस्क तशीच राहते आणि तिचं जीबीप्रमाणे भाडं चालू राहतं. पुन्हा चालू केलंत की पब्लिक आयपी नवा मिळतो. टर्मिनेट म्हणजे कायमचं काढून टाकणं. मशीनसोबत तयार झालेली मुख्य डिस्क सहसा त्याबरोबर जाते, पण तुम्ही वेगळी जोडलेली डिस्क मागे राहते.

लिनक्स मशीनचं भाडं सेकंदावर मोजलं जातं, किमान एक मिनिट. म्हणजे दुपारभर वापरून टर्मिनेट केलं तर खर्च अगदी थोडा. भाडं वाढतं ते विसरल्याने. काळी-पिवळी टॅक्सी दारात उभी ठेवून तुम्ही जेवायला गेलात तरी मीटर पडतच असतो. क्लाउडचं मशीन रिकामं बसलेलं आहे की काम करतंय, याने भाड्यात फरक पडत नाही.

नवशिक्यांच्या बिलात कारण कळत नाही अशा ओळी ठरलेल्या असतात. पहिली पब्लिक आयपीची. फेब्रुवारी २०२४ पासून ॲमेझॉन प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर लावतं. दिसायला क्षुल्लक, पण ३० दिवसांचे ७२० तास धरले तर महिन्याला ३.६० डॉलर, एका आयपीचे. इलॅस्टिक आयपी, म्हणजे कायमचा राखून ठेवलेला आयपी घेतला असेल तर मशीन गेल्यावरही तो तुमच्या नावावर राहतो. तो "रिलीज" करावा लागतो. दुसरी ओळ सुट्या डिस्कची. तिसरी स्नॅपशॉटची, म्हणजे डिस्कच्या काढून ठेवलेल्या प्रतींची. कुठल्यातरी व्हिडिओवरून लोड बॅलन्सर (येणारी गर्दी अनेक मशीनमध्ये वाटणारी सेवा) किंवा नॅट गेटवे (पब्लिक आयपी नसलेल्या मशीनना इंटरनेटवर जाऊ देणारी सेवा) बनवून बघितलं असेल तर ते दोन्ही, वापरा किंवा नका वापरू, तासाला पैसे घेतात.

म्हणून आवरताना हा क्रम ठेवा: मशीन टर्मिनेट, उरलेल्या डिस्क डिलीट, लोड बॅलन्सर आणि नॅट गेटवे असतील तर तेही डिलीट, मग इलॅस्टिक आयपी रिलीज, स्नॅपशॉट डिलीट. हे सगळं झाल्यावर रीजनच्या यादीतून आपण कधीही हात लावलेला प्रत्येक रीजन उघडून बघा. दुसऱ्या दिवशी बिलाच्या पानावर सेवेनुसार खर्च उघडा आणि प्रत्येक ओळ कशाची हे स्वतःला सांगता येतंय का ते पाहा. जी ओळ सांगता येत नाही, ती शोधून काढल्याशिवाय पुढचा धडा घेऊ नका.

पायरी ५: फाइली ठेवायची जागा

मशीनशिवाय नुसत्या फाइली ठेवायला एस थ्री. त्यात बकेट, म्हणजे फाइलींचा एक डबा, बनवायची आणि फाइली टाकायच्या. बकेटचं नाव सहसा जगात एकमेव असावं लागतं, म्हणून "गणपती-फोटो" आधीच कुणीतरी घेतलेलं असणार. एस थ्रीचा नेहमीचा वर्ग एकाच रीजनमधल्या किमान तीन झोनमध्ये डेटा ठेवतो. त्यामुळे ती फाइल हार्डवेअर बिघडून हरवण्याची शक्यता नगण्य. पण तुम्ही स्वतः डिलीट केली, किंवा ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच्या व्हायरसने तिच्यावर कचरा लिहिला, तर तोही बदल तितक्याच इमानाने तीन ठिकाणी साठवला जातो. यावर उपाय व्हर्जनिंग: जुन्या प्रती ठेवण्याची सोय. ती चालू करा. जुन्या प्रतींचेही पैसे लागतात, म्हणून ठरावीक दिवसांनी त्या काढून टाकण्याचा नियमही सोबत लावा.

एप्रिल २०२३ पासून नवी बकेट आपोआप सार्वजनिक प्रवेशासाठी बंद असते. "फोटो दिसत नाहीत" म्हणून घाईने सगळं उघडू नका. आधार कार्डांच्या प्रती आणि उत्सवाचे फोटो एकाच बकेटमध्ये असतील तर दोन्ही उघडे पडतील. उघडायच्या फाइलींची बकेटच वेगळी ठेवा.

पेढीच्या अकाउंट्सचा रोजचा बॅकअप अशा बकेटमध्ये टाकणं हा छोट्या ऑफिसाने करावा असा क्लाउडचा सगळ्यात उपयोगी वापर आहे. डेटा आत टाकायला ट्रान्सफरचे पैसे नाहीत, बाहेर काढताना लागतात. ॲमेझॉनवर महिन्याला पहिले १०० जीबी इंटरनेटवर मोफत जातात, पुढे जीबीप्रमाणे. आणि बॅकअप घेतला म्हणजे झालं असं नाही. तीन महिन्यांतून एकदा तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून उघडून बघा.

दहा दिवसांची गर्दी

समजा लालबाग-परळकडच्या एका मंडळाची वेबसाइट आहे. वर्षभर तिकडे कुणी फिरकत नाही. गणेश चतुर्थीच्या सकाळी आरतीच्या वेळा, दर्शनाची रांग कुठून, देणगी कशी द्यायची हे बघायला सगळे एकदम येतात. अनंत चतुर्दशीला मिरवणुकीचा मार्ग हवा असतो. त्यानंतर पुन्हा शांतता. स्वतःचा सर्व्हर विकत घेतला तर दहा दिवसांसाठी मोठा घ्यावा लागेल आणि उरलेले ३५५ दिवस तो रिकामा.

पुस्तकी उत्तर असं: पुढे लोड बॅलन्सर, मागे मशीनचा गट, आणि गर्दी वाढली की गटात मशीन आपोआप वाढवणारं ऑटो स्केलिंग. हे शिकलंच पाहिजे. पण मंडळासाठी मी ते करणार नाही. वेळा, मार्ग, फोटो ही न बदलणारी पानं आहेत. ती बकेटमध्ये ठेवायची आणि पुढे सीडीएन लावायचं. सीडीएन म्हणजे गावोगावच्या केंद्रांत पानांच्या प्रती ठेवणारी सेवा. मुंबईतल्या माणसाला ती प्रत मुंबईतूनच मिळते, मूळ जागेपर्यंत गर्दी पोचतच नाही, आणि सांभाळायला एकही मशीन उरत नाही. थेट दर्शनाचं चित्रण यूट्यूबवर टाकावं. देणगी पेमेंट गेटवेकडे सोपवावी, कार्डाचे क्रमांक मंडळाने आपल्याकडे साठवायचा विचारही करू नये.

जबाबदारी कुणाची

इमारत, वीज, कूलिंग, सर्व्हर, हायपरव्हायझर हे क्लाउड कंपनीचं. तुमचा पासवर्ड, सिक्युरिटी ग्रुप, ऑपरेटिंग सिस्टीमचे अपडेट, डेटा आणि तो कुणाला दिसतो हे तुमचं. ही विभागणी कंपन्यांनी लेखी दिलेली असते. भाविकांचे मोबाइल नंबर गळाले तर मंडळाला "क्लाउडवर होतं" म्हणून हात झटकता येत नाहीत. २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात डेटा गोळा करणारावर जबाबदारी टाकली आहे.

फोर्ट, लोअर परळ किंवा बीकेसीतल्या वित्तीय कंपन्यांत नोकरी करायची असेल तर आणखी दोन गोष्टी माहीत हव्यात. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पेमेंट व्यवहारांचा डेटा भारतातच साठवण्याचा आदेश दिला. सेबीने मार्च २०२३ मध्ये ब्रोकर, म्युच्युअल फंड अशा नोंदणीकृत संस्थांनी क्लाउड कसा वापरावा याची चौकट घालून दिली. रीजन निवडणं हा तिथे वेगाचा प्रश्न उरत नाही, तो नियमाचा होतो.

पुढे काय शिकायचं

लिनक्सची कमांड लाइन आधी. मग नेटवर्क: आयपी, सबनेट, डीएनएस, पोर्ट. या दोन्हींना बगल देऊन सर्टिफिकेटच्या मागे लागलेली मुलं मुलाखतीत पोर्ट २२च्या प्रश्नावर अडतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण मेहनत खरी असते. त्यानंतर डॉकर, म्हणजे प्रोग्रॅम त्याच्या गरजेच्या सगळ्या गोष्टींसह बांधून कुठेही चालवण्याची पद्धत. मग टेराफॉर्म: बटणं दाबण्याऐवजी काय हवं ते फाइलीत लिहून ठेवायचं. ती एका आज्ञेत सगळं उभं करते आणि एका आज्ञेत तेवढंच सगळं पाडते. शिकताना नॅट गेटवे विसरण्याचा प्रश्नच उरत नाही. कुबरनेटीस, म्हणजे डॉकरने बांधलेले प्रोग्रॅम अनेक मशीनवर सांभाळणारी यंत्रणा, त्याच्याही पुढे, घाई नको.

एक सराव आजच करता येईल, त्याला खातंही लागत नाही. ॲमेझॉन, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांचे किंमत काढायचे कॅल्क्युलेटर मोफत उघडे आहेत. मंडळाच्या वेबसाइटचा खर्च दोन प्रकारे काढा: वर्षभर चालू ठेवलेली दोन मशीन, एक लोड बॅलन्सर, तीन आयपी. आणि दुसरीकडे बकेट, सीडीएन, ५० जीबी फोटो आणि दहा दिवसांत बाहेर जाणारा डेटा. दोन्ही आकडे जीएसटीसह एका कागदावर लिहा आणि मंडळाच्या खजिनदाराला दाखवा. त्यांच्या प्रश्नांची उत्तरं देताना तुम्हाला कुठे अडायला होतं तेवढं नोंदवून ठेवा, पुढच्या आठवड्याचा अभ्यास तोच.